आत्याबाई पुलाच्या अलीकडं थांबल्या

ये गं माय, जरा जवळ ये. अशी लांबूनच मान हलवू नको. तू हैदराबादला अन् मी इथं येलदरीच्या अंगाला, मग जवळ कशी येऊ म्हणशील, तर कागदावर ये. फोनवर तुला काही सांगायला गेलं की तू एका कानानं ऐकतीस अन् तिकडं बोटानं काही तरी टाइप करायलेली असतीस, ती टकटक मला ऐकू येती. मी म्हातारी झाले, बहिरी झाले न्हाई. अन् दर वेळी तुझं एकच. हो आजी, येते आजी, पुढच्या महिन्यात नक्की. त्या 'हो'वर मला तुझ्याशी बोलायचंय. पण आधी गेमचं सांगते. जे मी केलं ते आपल्या घरात कुणाला जमलेलं न्हाई, तुला बी जमलं न्हाई, तवा मी ते मान वर करूनच सांगणार हाय.

दुसरं कुणी वाचत असलं तर त्याला कळावं म्हणून थोडं मागचं. ही माझी नात, लेकाची लेक. कॉम्प्युटरचं शिकली, नोकरी लागली, अन् पहिल्या पहिल्यांदा ऑफिसनं घरूनच काम करा म्हणलं म्हणून इथं गावी माझ्याजवळ येऊन राहिली. लेक अन् सून परभणीला, त्यांच्या त्यांच्या कामाला. इथं मी एकटी. येताना पोरीनं एक काळा डबा आणला, टीव्हीला जोडायचा, अन् दोन हातांत धरायचं बटनांचं एक यंत्र. मला वाटलं, सिनेमे बघायचं काही असंल. तो गेम निघाला.

दुपारी जेवणं झाली की पोरगी खेळायची अन् मी बाजूला बसून चिंचा फोडायची. चिंचा हाताला, डोळे टीव्हीला. गोष्ट अशी, की एका मुलखातली नदी एका जादूगारानं आपल्या किल्ल्यात कोंडून ठेवलेली. खाली सगळं रान वाळून गेलेलं. आपण गावोगाव हिंडायचं, वाटेत सोबती मिळतात त्यांना घ्यायचं, अन् सगळ्यांनी मिळून किल्ल्यापर्यंत जाऊन नदी सोडवायची. मी म्हणलं, यात काय नवल, आमच्या येलदरीला बी पूर्णा अडवलेली हाय. पण ती सगळ्यांनी पाणी प्यावं म्हणून अडवली, ह्या मेल्यानं एकट्यासाठी अडवली. धरणावर वीज बी होती, ती मात्र आमच्या घरात पाहुण्यासारखी येती, चहा घेती अन् जाती. पोरगी हसायची. गेममधलं एखादं पडकं देऊळ दिसलं की म्हणायची, आजी, बघ काय कोरीव काम हाय. मी म्हणायची, चारठाण्याला चल, खरं दाखवते, अन् तिथल्या खांबामागून राक्षस बी निघत न्हाईत.

पण मला ना नदीची पडली होती ना राक्षसांची. मला ते सोबती आवडायचे. चालून चालून दमले की ते एका जागी मुक्काम टाकायचे, जाळ करायचे, अन् त्या जाळाभोवती बसले की त्यांच्याजवळ जाऊन बोलायचं. एक धनुष्यवाली पोरगी होती, तोंडानं चुरूचुरू. एक पोथ्यांची पिशवी घेऊन फिरणारा म्हातारा, चालण्यात कायम मागं. अन् एक बाई होती उतारवयाची, खांद्यावर लोखंडाचा पत्रा, एके काळी फौजेत शेकड्यांवर हुकूम चालवलेली. तोंड कडू कारलं. बोलली तर टोचून, न्हाई तर गप्प. पहिल्याच दिवशी मी म्हणलं, अगं बाई, ह्या तर आत्याबाई.

आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाई जाऊन लय वर्षं झाली, पण तसंच नाक, तसंच कपाळाला आठी घालून बघणं, अन् काही चांगलं दिसलं की तोंड दुसरीकडं करणं. टीव्हीत त्या पुढं आल्या की माझा पदर आपोआप डोक्यावर जायचा. पोरीनं ते पाहिलं अन् पोट धरून हसली.

आता गेमची गंमत ही, की तुमी सोबत्याशी काही बोललात की कोपऱ्यात बारीक अक्षरं येतात. तिला हे पटलं, न्हाई तर तिला हे पटलं न्हाई. तसं तसं नातं वाढतं, न्हाई तर तुटतं. अन् आमची पोरगी काय करायची, तर बोलणं पळवायची. आत्याबाई तोंड उघडायच्या की हिचा अंगठा बटनावर, टक टक टक, बोलणं संपलं, चला लढाईला. मी म्हणायची, अगं त्या काही सांगायल्यात, ऐक तरी. ती म्हणायची, आजी, तिचं नेहमीचंच रडगाणं हाय. मला हे पटलं न्हाई, पण माझी अक्षरं कोपऱ्यात येत न्हाईत.

मग आला तो पूल. दरीवर दोरांचा पूल, निम्म्या फळ्या गेलेल्या. त्याच्या अलीकडं सगळे थांबले अन् आत्याबाईंनी पाठीवरचं कांबळं काढलं, नीट घडी केली, खाली ठेवलं, अन् म्हणल्या की माझं इथवरच होतं. तलवार तुमाला लागत होती, मी कुणाला लागत नव्हते. अन् वळून चालायला लागल्या. मी चिंच हातातच धरून बसले. पोरीला म्हणलं, जा ना मागं, हाक मार. ती म्हणली, आता हाक मारायचं बटनच न्हाई, आजी. ही सगळ्यांनाच सोडून जाती, थांबवता येती म्हणतात पण लय अवघड. जाऊ दे, हिच्याविना बी गेम जिंकता येतो.

जिंकली बी ती. नदी सुटली, लोक नाचले. मला त्या घोळक्यात एक बाई कमी दिसत होती. त्या दिवशी मला भाकर गोड लागली न्हाई, हे मी कुणाला सांगितलं न्हाई, कारण ऐकणारा हसलाच असता.

पुढं ऑफिसनं पोरीला बोलावून घेतलं. ती हैदराबादला गेली. काळा डबा मात्र इथंच ठेवून गेली, म्हणली, आजी, मी आले की आपण परत खेळू. आधी सणासुदीला यायची. मग सणाला फोन यायला लागला. डब्यावर मी कापड टाकलं, कापडावर धूळ बसली. मग एका दुपारी मनात आलं, की पोरगी येईल तवा येईल, त्या आत्याबाई तिकडं पुलावरून निघून गेलेल्या हायेत, त्यांचं काय. कापड काढलं अन् डबा लावला.

मी शाळेत गेलेली न्हाई. लेकराच्या पुस्तकावरून अक्षरं ओळखायला शिकले, त्याची पहिली माझी बी पहिली. तवा बटनं शिकायला मला कुणाची भीती नव्हती. गेम सगळा इंग्रजीत, पण मोबाईलचा कॅमेरा टीव्हीसमोर धरला की त्यावर मराठी अक्षरं उमटतात, हे मी पोरीला माझ्यासाठी करताना पाहिलेलं. मराठी बी कसली, सरकारी कागदासारखी. पण मतलब कळायचा. बोलणं आलं की गेम आपल्यासाठी थांबून राहतो, घाई करत न्हाई, हे त्याचं मला लय आवडलं. माणसं इतकी थांबत न्हाईत.

सुरुवातीला तो विचारतो, तुमचं रूप कसं हवं. पोरीनं लाल केसांची पहिलवान बाई केली होती. मी पांढरे केस शोधले, रंग आपला ठेवला, मागं अंबाडा घातला, अन् काम निवडलं झाडपाल्याच्या औषधाचं. तरणं व्हायची संधी फुकट मिळत होती, पण नव्या माणसांत आपणच आपल्याला ओळखू आलो न्हाई तर काय करायचं.

अन् निघाले. मला खेळायची एकच रीत येत होती, ती खुरपणाची. खुरपायला बाया लागल्या की एका ओळीत लागतात, प्रत्येकीची आपली पात. एखादी मागं राहिली तर पुढं गेलेली आपली पात संपवून उलटी फिरती अन् तिला हात लावती. एकटीच पुढं निघून बांधावर बसली तर तिला कुणी चांगलं म्हणत न्हाई. तसंच मी ह्या सोबत्यांना चालवलं. पोथ्यावाला म्हातारा मागं राहिला की मी सगळ्यांना घेऊन मागं यायची. मुक्कामाला भाकरतुकडा मिळाला की आधी सगळ्यांना वाढायची. त्यामुळं मी स्वतः उपाशी राहून दोनदा वाटेतच मेले, ते मला नंतर कळलं. गेममध्ये वाढणाऱ्या बाईनं बी खायचं असतं.

अन् आत्याबाई. त्यांच्याशी मी सासूशी वागावं तशीच वागले. त्या म्हणल्या रात्री पहारा मी एकटी देणार, मी म्हणलं बरं. त्या म्हणल्या वाट डोंगरातून धरू, मी म्हणलं तुमी म्हणाल तसं. चांगली ढाल मिळाली, त्यांना दिली. कांबळं मिळालं, त्यांना दिलं. एकदा त्या मला सगळ्यांदेखत नेभळट म्हणल्या, मी खाली मान घातली. अन् कोपऱ्यातली अक्षरं दर वेळी, तिला हे पटलं न्हाई. मी बेजार. अहो, आणखी काय करायचं सुनेनं?

अशात माझी थोरली जाऊ यायला लागली. आमची घरं भिंतीला भिंत. ती आधी चौकशीला आली, मग चहाला, मग रोज दुपारी स्वतःचा पाट घेऊनच. तिला सगळं आमच्या आत्याबाईंसारखंच दिसलं. म्हणली, "मेल्यावर बी ह्यांनी तुझा पिच्छा सोडला न्हाई गं. अन् तू बी बघ, टीव्हीतल्या सासूला बी कांबळं देती."

पुलाशी आलो. कांबळ्याची घडी झाली. मोबाईल मी नीट धरला, एक बी शब्द पळवला न्हाई. त्या म्हणल्या, फौजेत मला सगळे हो म्हणत होते. असाच एक पूल होता, मी चला म्हणलं अन् सगळे चालले, एकानं बी थांबवलं न्हाई, अन् माझी सगळी माणसं त्या दरीत गेली. वाटलं होतं, तू तरी एकदा मला अडवशील. अन् वळून गेल्या.

जाऊ म्हणली, गेली बया, सुटलीस. मी डबा बंद केला, पण मला सुटल्यासारखं वाटलं न्हाई. त्यांची सगळी माणसं 'हो' म्हणून दरीत गेली होती, अन् मी इतके दिवस त्यांना तेच वाढत होते.

मला आमच्या खऱ्या आत्याबाईंचं एक आठवलं. तुला हे कधी सांगितलं न्हाई, ऐक. कपाशीत खुरपण चाललेलं. आत्याबाईंचं अंग तापानं तव्यासारखं झालेलं, तरी खुरपं घेऊन निघाल्या. पहिली पात कायम त्यांची, ती दुसरी कुणी धरावी हे त्यांना खपत नव्हतं. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना हो आत्याबाई याच्यापुढं बोलले नव्हते. त्या सकाळी काय झालं कुणास ठाऊक, मी दारात आडवी उभी राहिले, त्यांच्या हातातलं खुरपं काढून वर आढ्याला खोचलं, अन् म्हणलं, आज तुमी जायचं न्हाई. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी मनात माहेरची वाट धरली. मग त्या भिंतीला टेकून हळूच खाली बसल्या. दिवेलागणीला मी रानातून आले तर चुलीवर चहा होता. माझ्यासाठी ठेवलेला, त्यांनी. पुढं बऱ्या झाल्यावर पाण्याला गेल्या तर तिथं बायांना सांगायल्या होत्या, माझी धाकटी लय आडमुठी हाय, माझं सुद्धा ऐकत न्हाई. तक्रार सांगायल्यात का मिरवायल्यात, तेच कळत नव्हतं. त्या दिवसापासून पहिल्या पातीच्या शेजारची पात माझी झाली. ती दुसऱ्या कुणाला कधी दिली न्हाई त्यांनी.

एवढं माझ्याजवळ होतं, अन् मी टीव्हीतल्या बाईला कांबळी वाटत बसले होते.

पोरीचा एक खेळ, माझा एक, आता तिसऱ्यांदा पहिल्यापासून लावला गेम. जाऊ म्हणली, वेड लागलंय. मी म्हणलं, लागू दे, बस. पांढरे केस, अंबाडा, झाडपाला, सगळं परत. आत्याबाई भेटल्या, पदर डोक्यावर गेला, तो मी जाऊ दिला. पण त्या म्हणल्या पहारा मी एकटी देणार, तर मी शोधून शोधून ते बोलणं निवडलं ज्यात म्हणलं होतं, न्हाई, पाळीपाळीनं. बोट बटनावर जायला तयार नव्हतं. टीव्हीतली बाई उठून मारणार होती थोडीच, पण जन्माची सवय बोटात असती. दाबलं. कोपऱ्यात आलं, तिला हे पटलं. मी जावेकडं पाहिलं. जावेनं सुपारी गालात सरकवली अन् म्हणली, "दाब पुढं."

उगाच भांडायचं नव्हतं, हे बी लवकर कळलं. एकदा मला जोर चढला अन् मी त्यांच्या मेलेल्या माणसांवरूनच त्यांना टोचलं, तर अक्षरं उलटी आली अन् ती धनुष्यवाली पोरगी सुद्धा माझ्यावर रुसली. खरं असंल तिथंच न्हाई म्हणायचं. बाकी गप्प बसून ऐकायचं, खायला वाढायचं, अन् स्वतः बी खायचं. किती तरी दुपारी गेल्या. तूर भरडायची राहिली, पौर्णिमेला विहारात गेले तर बाया इचारायच्या, सासू काय म्हणती. जावेनं सगळीकडं सांगून ठेवलेलं. मी म्हणायची, सुधारायली हाय. कोण सुधारायलंय ते सांगत नव्हते.

मग परत पूल. ह्या वेळी आत्याबाईंचा खांदा आधीच्या लढाईत जखमी झालेला, तरी त्या म्हणल्या, फळ्या कुजल्यात, पुढं मी जाणार, मी पडले तर तुमाला कळंल कुठं पाय ठेवायचा न्हाई. समोर तीन बोलणी आली. मोबाईलवर वाचली. एक, तुमी म्हणाल तसं. दुसरं, तुमच्याइतकं शूर आमच्यात कुणी न्हाई. अन् तिसरं, नुसतं एवढंच, तुमी जायचं न्हाई.

मी तिसऱ्यावर आले अन् वीज गेली.

टीव्ही काळा, अन् त्यात आमी दोघी जावा दिसायलो. ती म्हणली, लाइटनंच सोडवलं बघ तुला. मला आत तकलीफ ही होत होती, की मी खरंच दाबणार होते का, अन् परत आली वीज तर परत दाबीन का. चार वाजता आली. मुक्कामापासून परत खेळावं लागलं, परत तीच लढाई, परत तो खांदा, परत त्या कुजक्या फळ्या. अन् ह्या वेळी मी बोलणी वाचायला मोबाईल धरलाच न्हाई. ठाऊक होतं मला कुठलं ते.

मी तोंडानंच म्हणलं आधी. "आत्याबाई, तुमी जायचं न्हाई." अन् बटन दाबलं.

त्यांनी कांबळं पाठीवरून काढलं. घडी केली. अन् ती घडी खाली ठेवून त्यावर बसल्या. म्हणल्या, त्या पुलावर तू असतीस तर. बस, एवढंच. तोंड दुसरीकडं केलं. कोपऱ्यातली अक्षरं मी वाचली न्हाईत. मला दिसतच नव्हती. जावेनं वाचली अन् सांगितली. मग ती उठली, आपला पाट उचलला, अन् म्हणली की आता चहा माझ्या घरचा, तू हाललीस तर त्या परत उठतील. इतकी वर्षं भिंतीला भिंत, पण तिनं मला बसल्या जागी चहा आणून दिला तो त्या दिवशी.

पूल आमी खुरपणाच्या रीतीनं ओलांडला. सगळे एका ओळीत, पोथ्यावाल्याला मधे घेऊन, अन् आत्याबाई शेवटाला. कुणी पडलं न्हाई.

संध्याकाळी मी तुला फोन लावला. तुला आठवत असंल. तू टाइप करायलीस, मला ऐकू येत होतं. मी म्हणलं, आत्याबाई थांबल्या. तू म्हणलीस कोण आत्याबाई, अन् मग एकदम टकटक थांबली. तू म्हणलीस, खरंच? मग तूच सांगितलंस, की तिकडं मैत्रिणीच्या घरी तू बी परत खेळून पाहिलंस, लोकांनी सांगितलेलं सगळं केलंस, ढाली दिल्यास, कांबळी दिलीस, तरी त्या तुला बी सोडून गेल्या.

"काय म्हणलीस तू तिला, आजी?"

"न्हाई म्हणलं."

मग तू हळूच म्हणलीस, "आजी, मला इथं कुणालाच न्हाई म्हणता येत न्हाई गं."

मग कळलं मला सगळं. साहेब शनिवारी या म्हणतात, तू हो म्हणतीस. दुसऱ्याचं काम करून दे म्हणतात, तू हो म्हणतीस. सुट्टी पुढं ढकल म्हणतात, हो. अन् मला बी हो, येते आजी. सगळ्यांना एकच हो, मग त्यातला माझा कुठला ते तुला तरी कळतं का. मी त्या दिवशी फोनवर काही बोलले न्हाई, कारण मी खुश होते अन् खुशीत माणूस नको ते उपदेश करतं. आता लिहून सांगते. माझ्यावर शिकून घे. मला म्हण, आजी, ह्या महिन्यात मी येणार न्हाई. मी रुसायची न्हाई. कोपऱ्यात अक्षरं येतील, आजीला हे पटलं. अन् एकदा माझ्यावर हात बसला, की मग साहेबाला म्हण. शनिवारी न्हाई, मला गावी जायचंय. पदर डोक्यावर असला तरी न्हाई म्हणता येतं, मी म्हणलंय, घरात एकदा अन् टीव्हीत दोनदा. माझी नात हायेस तू. हे तुझ्यात असणारच, फक्त बोटाला सवय न्हाई.

आता किल्ल्याच्या दरवाज्याशी आमचा शेवटचा मुक्काम हाय. जाळ पेटलेला हाय. धनुष्यवाली बडबडायलीय, पोथ्यावाला डुलक्या घ्यायलाय, अन् आत्याबाई माझ्या शेजारी बसल्यात. रोज दुपारी मी डबा लावते, सगळ्यांना वाढते, स्वतः खाते, आत्याबाईंशी दोन गोष्टी बोलते, अन् बंद करते. पुढचं दार उघडायचं बटन मला ठाऊक हाय. जाऊ रोज म्हणती, दाब. जावेला सुद्धा मी न्हाई म्हणलंय. म्हणलं, पहिल्या खेळात ज्या पोरीनं ह्यांना जाऊ दिलं, तिला आधी ह्या बसलेल्या दिसल्या पाहिजेत. नदी काय, इतके दिवस कोंडलेली हाय, अजून थोडी कोंडून राहील.

तवा माय, परभणीला गाडीतून उतर, जिंतूरची गाडी धर, पुढं मी कुणाला तरी घ्यायला पाठवीन. येताना काही आणू नको, कांबळं तर मुळीच न्हाई. चिंचा फोडायच्या राहिल्यात, त्या तू फोड, अन् ह्या खेपेला बटनं माझ्या हातात. नक्की येते म्हणू नको. कधी ते सांग, अन् लवकर ये.